ऐकणारा खांब

“बंदर, बंदर, ‘वेताळप्रसाद’ बोलतंय. बाय, तोंड कसा आसा?”

पेटीतून दादाचा आवाज आला तेव्हा मी खिडकीशी उभी राहून त्या तोंडाकडेच बघत होते. आमच्या करंजणे बंदरात शिरायची वाट एकच, खाडीच्या तोंडातून. एका बाजूला टेंबाचा खडक, दुसऱ्या बाजूला वाळूची दांडी, आणि मधे दोन होड्या शेजारी शेजारी कशाबशा जातील एवढी जागा. त्या दिवशी ती जागा दिसतच नव्हती. सकाळपासून दक्षिणेचा वारा सुटला होता, त्यात सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली. खाडीतून बाहेर निघालेल्या पाण्यावर समुद्राच्या लाटा आपटत होत्या, भिंतीसारख्या उभ्या राहत होत्या आणि दांडीवर फुटत होत्या. सगळं नुसतं पांढरं झालं होतं.

“मी तासाभरात थय पोचतंय,” दादा सांगत होता. “तोंड वायट आसला तर सांग, सरळ वर वेळण्याक जातंय. डिझेल आसा भरपूर.”

वेळणे म्हणजे आमच्या उत्तरेचं बंदर, डोंगराच्या आडोशाचं. कसलंही वादळ असो, तिथे पाणी आपलं ताटातल्या आमटीसारखं शांत. म्हणजे काम दोन शब्दांचं होतं. ‘येव नको.’ माझा हात सवयीनं टेबलाच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला. तिथे आधी आबांचा आणि त्यांच्यानंतर माझा माईक अडकवलेला असायचा. आता नुसता खिळा होता.

मी त्या काळी मच्छीमार सोसायटीची वायरलेसवाली होते. सोसायटीच्या माडीवर एक खोली, खोलीत एक टेबल, टेबलावर जुना सेट. माझे वडील, आबा गिरप, त्यावर उभी हयात बसले. ते गेल्यावर चेअरमन घरी आले आणि म्हणाले, “चेडू आवाज वळाकता सगळ्यांचो, तीच बसांदे.” होड्यांशी बोलायचं, वारा सांगायचा, बाजारात आज बांगडा कसा गेला ते सांगायचं, आणि कुणाच्या घरी पोर जन्मलं तर तेही. पगार नावाला होता, पण त्या खुर्चीत बसलं की सगळा दर्या आपल्याशी गजाली मारतो असं वाटायचं. मी सुखात होते.

मग योजना आली. राज्य एकात्मिक आणीबाणी संपर्क योजना. गडचिरोलीच्या जंगलापासून आमच्या खडकापर्यंत सगळा महाराष्ट्र म्हणे एका आवाजात बोलणार होता. पोलीस, अग्निशमन, नद्यांवरची धरणं आणि आम्ही मासेमारीवाले. आमच्या टेंबावर लाल-पांढरा खांब उभा राहिला, एवढा उंच की म्हाताऱ्या बायका त्याला हात जोडायला लागल्या. त्या खांबाला किती पैसे पडले ते कोनशिलेवर लिहिलं होतं. आमच्या चेअरमननी, बाबल मालंडकरांनी, ती शून्यं दोनदा बोट ठेवून वाचली आणि म्हणाले, “ह्येच्यात सगळ्यो होड्यो नव्यो झाल्यो असत्यो.” पण ते हळू आवाजात, कारण शेजारी साहेब उभे होते.

साहेब म्हणजे जिल्ह्याचे या योजनेचे अधिकारी, कुलथे. माणूस वाईट नव्हता. नगरकडचा, समुद्र पहिल्यांदाच बघत होता आणि खरं सांगायचं तर त्याला होडीची भीती वाटायची. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी आमचा जुना सेट उतरवला. होड्यांवरचे जुने सेटही गोळा केले.

“साहेब, ह्यो आसांदे ना एक कोपऱ्यात,” मी म्हटलं होतं. “वेळप्रसंगाला.”

“ताई, एका बंदरात दोन यंत्रणा दाखवता येत नाहीत. लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. जुनी जमा केल्याशिवाय नवीचा निधी सुटत नाही.”

निधी सुटला. मंत्री आले. त्यांच्याबरोबर डोक्यावर तबकड्या लावलेली एक पांढरी गाडी आली. मंत्र्यांनी सोसायटीच्या अंगणात त्या गाडीतला माईक हातात घेतला आणि बाहेर समुद्रात थांबलेल्या दादाच्या होडीला विचारलं, “काय तांडेल, कसे आहात?” आणि दादाचा आवाज खणखणीत आला, “बरो आसंय साहेब! तुमी बरे मा?” अख्ख्या बंदरानं टाळ्या वाजवल्या. मग टेंबावर पोरांनी लाल-पिवळे झेंडे हलवले, फटाके लावले, आणि सगळ्या होड्या वाजतगाजत आत आल्या. वहिनी, दादाची बायको, माझ्या शेजारी उभी होती. एरवी नवऱ्याचं कौतुक तोंडावर न दाखवणारी बाई, पण त्या दिवशी तिनं मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, “बघ गे तुझो दादा, मंत्र्याक इचारता बरो आसस काय.”

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा बर्फ भरून आठवड्याच्या मासेमारीला गेला. त्यानंतर, उन्हं वर आल्यावर, कुलथे साहेबांचा तंत्रज्ञ माझ्या खोलीत नवी पेटी बसवायला आला. देखणी पेटी होती. पुढे जाळी, हिरवा दिवा, आवाज कमी-जास्त करायची चकती.

“आणि ह्येचो माईक?” मी विचारलं.

तो गोंधळला. त्यानं कुलथ्यांना हाक मारली. साहेब घाम पुसत माडी चढून आले.

“ताई, हा पहिला टप्पा आहे. पहिल्या टप्प्यात ऐकणं आहे. होडीवर सेट आहे, तो बोलेल, खांब ऐकेल, खांबाचं तुम्हाला इथे ऐकू येईल.”

“आणि मी बोलायचं कसं?”

“बोलणं दुसऱ्या टप्प्यात.”

“पण काल मंत्री बोललेत.”

“ते प्रात्यक्षिक होतं. ती गाडी मुख्यालयाची. आज ती दुसऱ्या जिल्ह्यात गेली, तिथे उद्घाटन आहे.” मग माझं तोंड बघून त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, खुर्चीवर बसले आणि जरा समजुतीनं बोलले. “असं आहे, ऐकण्याला परवाना लागत नाही, बोलण्याला लागतो. शिवाय ऐकणारी यंत्रं मार्चअखेर घेऊन टाकली नसती तर पैसा परत गेला असता. बोलणारी पुढच्या तरतुदीत येतील. मी स्वतः पाठपुरावा करतोय.”

मी हसले. आता सांगायला लाज वाटत नाही, मला खरंच हसू आलं. आमच्याकडे म्हण आहे, सरकारी काम आणि सहा महिने थांब. म्हटलं, सहा महिने मी नुसते कान घेऊन बसेन. रोज परत येणाऱ्या होड्यांना मी धक्क्यावर उभी राहून सांगितलं की बाबांनो, पेटीला तोंड नाही, माझ्या भरवशावर राहू नका. सगळ्यांनी ऐकलं. दादा तेवढा खोल समुद्रात होता, खांबाच्या पल्ल्याबाहेर. त्यालाही आल्या आल्या सांगणार होते.

“बंदर, बंदर,” पेटी पुन्हा बोलली. “बाय, ऐकतस मा? वारो वाढता हय. तोंडाचा सांग.”

मी पेटीला दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडले, “दादा, येव नको!” पेटी जशी होती तशीच होती. हिरवा दिवा लागलेला होता. खालून मालंडकर चेअरमन धावत वर आले. त्यांना वाटलं मला काही झालं.

“चेअरमन, दादा येता हा.”

त्यांनी खिडकीतून तोंडाकडे एक नजर टाकली आणि टोपी काढून हातात घेतली. “तेका दिसात की गे. तांडेल आसा तो. दर्यात जन्म गेलोहा.”

“दिसाचा नाय.”

त्यांनाही ते ठाऊक होतं, पण माणूस अशा वेळी काहीतरी बोलतो. लाट किनाऱ्याकडे तोंड करून फुटते. समुद्रातून येणाऱ्याला तिची नुसती पाठ दिसते, काळी, गुळगुळीत. आत शिरेपर्यंत पाणी फुटतंय हे कळत नाही आणि शिरल्यावर परत फिरता येत नाही. म्हणून तर आमच्याकडे कितीही मोठा तांडेल असला तरी वाईट हवेत बंदराला विचारल्याशिवाय आत यायचा नाही. आणि बंदराला विचारायची आमची एक रीत होती. तिची आठवण मला तेव्हा झाली.

ही रीत आबांची. जुना सेट ट्रकच्या बॅटरीवर चालायचा आणि वीज चार-चार दिवस नसायची. ऐकायला बॅटरी थोडी लागते, बोलायला फार. म्हणून आबांनी सगळ्या तांडेलांना सांगून ठेवलं होतं, तोंड मोकळं असेल तर मी बोलणार नाही. खराब असेल तरच बोलेन. तुम्ही तीनदा विचारा. बंदर बोललं तर थांबा, बंदर गप्प राहिलं तर या. कुणी शहाणा म्हणेल, ही कसली उलटी रीत! पण आबा त्या खुर्चीवरून हलतच नसत, जेवणाचं ताटसुद्धा तिथेच यायचं, म्हणून ती रीत कधी फसली नाही. पुढे सोसायटीला चांगली बॅटरी आली, मीही बाकी हजार गजाली करायचे, पण तोंडाच्या बाबतीत आबांचा शब्द कुणी मोडला नाही. मीही नाही. दादा तर आबांचा मुलगाच.

म्हणजे मी तिथे मुकी बसले होते आणि माझं मुकेपण दादाला ‘ये, वाट मोकळी आहे’ असं सांगत होतं.

“चेअरमन, तेणी दोनदा इचारल्यान,” मी म्हणाले. “तिसऱ्यांदा इचारल्यान की तो आत घालतलो.”

मोबाइल तेव्हा गावात दोन-चार आले होते, पण टेंबाच्या पलीकडे त्यांची रेंज जात नसे. चेअरमननी सोसायटीच्या फोनवरून कुलथे साहेबांना लावला. साहेब बैठकीत होते. चेअरमन एरवी साहेबलोकांपुढे मऊ पडायचे, त्या दिवशी शिपायाला असे काही बोलले की साहेब फोनवर आले.

मी फोन ओढून घेतला. “साहेब, तुमच्या खांबावरनं दोन शब्द बोलायचेत. माणसं मरतील.”

“ताई, खांबावर बोलणारं यंत्रच नाही हो.”

“मग मुंबईच्या मुख्यालयातले बोलतील. सगळं राज्य एका आवाजात बोलणार म्हणाला होतात.”

“थांबा, मी त्यांना दुसऱ्या फोनवर घेतो.” त्यांनी खरंच धडपड केली, हे मी आजही सांगेन. मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. ते कुणाला तरी विनवत होते, अहो करंजणे, करंजणे, होय बंदर आहे, होडी आहे. मग बराच वेळ ते नुसतंच हं, हं करत राहिले. मग माझ्याशी बोलले. “ताई, आपला जिल्हा त्यांच्याकडे अजून जोडलेला नाही. ते म्हणतात, आमच्या पडद्यावर तुमचा जिल्हाच दिसत नाही. मी तटरक्षकांना कळवतो. मी सगळ्यांना कळवतो.”

कळवा, म्हटलं. आणि फोन ठेवताना मला एकदम सुचलं. धक्क्याला ‘सागरकन्या’ बांधलेली होती. तिच्यावर नवा सेट होता, आणि त्याला माईक होता! जिना मी कशी उतरले मला आठवत नाही. धक्क्यावरून उडी मारून होडीत गेले, सुकाणूघरात शिरले, सेट चालू केला, बटण दाबलं.

“दादा, दादा, मी बाय. तोंड वायट आसा. आत येव नको. वेळण्याक जा. दादा, वेळण्याक जा!”

बटण सोडून ऐकलं. काही नाही. पुन्हा बोलले. आबांची शपथ घातली, वहिनीचं नाव घेतलं, जे येईल ते बोलले. आणि मग माडीच्या खिडकीतून चेअरमनांची आरोळी ऐकू आली. म्हातारा अर्धा बाहेर वाकून दोन्ही हात हलवत होता, तोंडभर हसत होता.

“बाये! ऐकाक येता! सगळा ऐकाक येता हय! बोलत रव!”

मला आनंद झाला. पापणी लवते न लवते तेवढाच वेळ झाला असेल, पण झाला. मग कळलं. होडीवरचं बोलणं खांब ऐकतो आणि खांबाचं माझ्या पेटीत येतं. मी धक्क्यावर बसून माझ्याच रिकाम्या खुर्चीशी बोलत होते. दादाला यातलं काही जात नव्हतं. होडीनं होडीशी बोलणंही बहुधा दुसऱ्या टप्प्यात असावं.

मी परत वर आले तेव्हा चेअरमन अजून हसतच होते. मी मान हलवली. त्यांचं हसू हळूहळू गेलं, ते बघवत नव्हतं.

तोवर बंदरावर बातमी पसरली होती. माणसं टेंबाकडे धावली होती. कुणी लाल लुगडं काठीला बांधून नेलं, कुणी जुने टायर आणि रॉकेल नेलं. उद्घाटनाचे झेंडे सोसायटीत पडले होते तेही पोरांनी उचलले. उरलेले फटाकेसुद्धा नेले. वहिनी सगळ्यांच्या पुढे होती, अनवाणी. मला माझ्या खिडकीतून टेंबावर हलणारे रंग दिसत होते आणि काळ्या धुराची रेघ. वारा धुराला जमिनीवर लोळवत होता, पण दिसत होता तो. म्हटलं, आता नक्की बघेल. एवढा धूर, एवढी माणसं. डोळे आहेत त्याला.

पेटीत खरखर झाली. दादाचा खलाशी, पुंडल्या, याचा आवाज आला. दादाच्या हाताखाली बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण आम्हाला होडीतलं सगळंच ऐकू येत होतं, इंजिनाची धडधड, वाऱ्याची शीळ.

“दादानू, टेंबार बघा. धूर दिसता.”

“खय?”

“थय. माणसा पण आसत. बावटे हालवतत.”

चेअरमननी माझा खांदा धरला. मी देवाचं नाव घेतलं. खोटं कशाला सांगू, मी देवाला बोकडाचाही नवस बोलले.

आणि दादा हसला. मोठ्यानं, पोट धरून हसतो तसा.

“अरे, आणि मंत्री इलो काय रे? आमची वरात काढूक निघालेहत परत!”

पुंडल्याही हसला. आणखी कुणीतरी हसलं.

आठ दिवसांपूर्वी याच टेंबावर, हेच झेंडे, हेच फटाके. ते हलवले की होड्या आत येतात, हे आम्हीच त्यांना शिकवलं होतं.

“बंदर, बंदर,” दादा म्हणाला. तिसऱ्यांदा. आवाजात अजून हसू होतं. “बाय, बोल काय तां. नायतर येतंय मी.”

मी त्या वेळी काय केलं ते चेअरमननी पुढे लोकांना सांगितलं, म्हणून मला माहीत. मी म्हणे पेटीच्या जाळीला तोंड लावून बोलत होते. हळू, समजावून, लहान मुलाशी बोलावं तसं.

त्यानं बटण सोडलं, पेटीत नुसती खरखर उरली. तो वाट बघत होता. आबांची रीत पाळत होता. मग बटण पुन्हा दाबलं गेलं, तो आपल्या माणसांना म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कसली म्हणून शंका नव्हती,

“बाय गप आसा. मोकळा आसा तोंड. घे रे आत.”

पुढचं मी खिडकीतून बघितलं. होडीचं नाक टेंबाच्या आडून आलं, बरोबर जिथून यायला हवं तिथून. दादानं सुकाणू अगदी नेमकं धरलं होतं, एक हात इकडे नाही की तिकडे नाही. पहिल्या लाटेनं तिला उचललं. दुसरीनं आडवी केली. तिसरी आली तेव्हा होडी दिसलीच नाही. पेटीतला आवाज आधीच थांबला होता. टेंबावरचे झेंडे मात्र अजून हलत होते, कारण मागच्यांना पुढचं दिसलं नव्हतं.

पुंडल्या आणि आणखी एक खलाशी दांडीवर फेकले गेले, ते वाचले. दादा आणि दोघे गेले. दादा तीन दिवसांनी सापडला, वेळण्याच्या किनाऱ्याला. समुद्रानं त्याला तिथेच नेऊन सोडलं जिथे त्यानं जायला हवं होतं. मला तेव्हा समुद्राचा इतका राग आला की वर्षभर मी धक्क्यावर पाय ठेवला नाही.

कुलथे साहेब दादाच्या दिवसकार्याला आले होते. खाली मान घालून ओटीवर बसले. कुणीतरी त्यांच्यापुढे चहा ठेवला. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, मी अहवालात सगळं लिहिलंय. काही लपवलेलं नाही.” मला ते खरं वाटलं. वरून त्यावर उत्तर आलं की दुर्घटनेच्या वेळी यंत्रणा पूर्ण कार्यरत होती व नौकेचे सर्व संदेश स्पष्टपणे प्राप्त झाले. त्यातही खोटं काही नव्हतं.

वहिनीला मात्र कळेना. ती मला रोज विचारायची. “तुका ऐकाक येत होता मा?”

“होय.”

“सगळा?”

“सगळा गे वयनी.”

“मगे बोलाक कसा येणा नाय? कान आसा तेका तोंड नाय, असा कसा करीत कोण?”

मी टप्पे सांगायचे. परवाना सांगायचे, मार्चअखेर सांगायचे. ती मन लावून ऐकायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. तिचा माझ्यावर राग असता तर मला बरं वाटलं असतं. राग नव्हता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं, आणि मला समजावता येत नव्हतं.

दुसरा टप्पा दीड वर्षानं आला. दुर्घटनेची गांभीर्यानं दखल घेऊन खास बाब म्हणून मंजूर झाला, आणि आमचं बंदर पहिलं. त्याच खांबावर आणखी पेट्या चढल्या, माझ्या टेबलावर माईक आला. मंत्री बदलले होते, पण गाड्या तशाच होत्या. कुणाच्या तरी डोक्यातून निघालं की नव्या माईकवरून पहिले शब्द दिवंगत तांडेलाच्या पत्नीनं बोलावेत. मी नको म्हटलं. चेअरमनही नको म्हणाले. वहिनी म्हणाली, “बोलतंय मी.”

तिला कागदावर वाक्य लिहून दिलं होतं, ‘बंदर बोलत आहे, सर्व होड्यांचे स्वागत आहे.’ ते ऐकलं की बाहेर थांबलेल्या होड्या रांगेनं आत येणार होत्या, तोरणं लावून. हवा इतकी छान होती की काय सांगू. दर्या तळ्यासारखा, तोंड सताड उघडं, एक लाट नाही. अंगणात खुर्च्या, मंडप, बँडवाले तयार. माझ्या त्या खोलीत मंत्री, कुलथे साहेब, दोन फोटोवाले, चेअरमन आणि मी, एवढी माणसं दाटीवाटीनं उभी.

वहिनी माझ्या खुर्चीत बसली. मी तिला बटण दाखवलं. तिनं कागद टेबलावर पालथा ठेवला, बटण दाबलं आणि खिडकीबाहेर बघत हळूच बोलली.

“आत येव नको. ऐकतस मा? तोंड वायट आसा. वेळण्याक जा.”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला.

बाहेर पुढच्या होडीनं नाक वळवलं. तिच्या मागची वळली, मग तिसरी, मग सगळ्या. कुणी का म्हणून विचारलं नाही. निरभ्र आभाळ, शांत पाणी, समोर सताड उघडी वाट आणि धक्क्यावर वाजायला लागलेला बँड, आणि आमच्या सगळ्या होड्या तोरणांसकट उत्तरेला निघाल्या. बंदर बोललं होतं.

“अहो, त्यांना परत बोलवा,” मंत्री कुलथ्यांना म्हणाले. कुलथ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं काम होतं ते, आणि आता बोलायचं यंत्रही होतं. पण माईक वहिनीच्या मुठीत होता, तिचा अंगठा अजून बटणावर होता, आणि तिच्याकडून तो मागून घ्यायला माझा हात पुढे झाला नाही.